जोडीने बसणारी कुत्री : प्रस्तावना

स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी चिनी मातीचे कुत्रे एकटे बसवण्यासाठी घडवले नव्हते. साचे जोडीचे, रंगकाम जोडीचे, विक्रीही जोडीची. एकाचे तोंड उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे. शेकोटीवरच्या कट्ट्याच्या दोन टोकांना दोघे बसायचे आणि मध्ये घड्याळ किंवा एखादी तसबीर असायची. १८४० ते १९०० या काळात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांच्या, गिरणी कामगारांच्या आणि मच्छीमारांच्या घरांत ही मांडणी इतकी रुळली, की कट्ट्यावर कुत्री नसतील तर घर नुकतेच थाटले आहे असे पाहुण्याला वाटावे.

म्हैसूरच्या घरांत नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात तेव्हा आरंभ असाच जोडीने होतो. वरच्या पायरीवर पट्टद गोंबे, म्हणजे राजा आणि राणी ही लाकडी जोडी. लग्नात मुलीला माहेराहून मिळालेली, दर वर्षी नवी वस्त्रे नेसवून बसवलेली. तिच्या खाली दशावतार, मग दसऱ्याची मिरवणूक, मग बाजारपेठ, खेडे, जंगल. स्टॅफर्डशायरचा कट्टा आणि म्हैसूरच्या पायऱ्या यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण एका गोष्टीवर दोन्हीकडच्या गृहिणींचे एकमत दिसते: मूर्ती कोणती आहे याइतकेच ती कुठे आणि कोणाशेजारी बसली आहे याला महत्त्व असते. या पुस्तकाचा सगळा विचार या एका धाग्यावर उभा आहे. संग्रह खरेदीने सुरू होत असेल, पण तो पूर्ण होतो मांडणीने.

मराठी वाचकाला हा विषय आडवळणाचा वाटेल. आपल्याकडे नाणी, पोस्टाची तिकिटे, दिवे, अडकित्ते गोळा करणाऱ्यांना मान आहे. शोकेसमधल्या चिनी मातीच्या कुत्र्याला मात्र लहान मुलांच्या हाताला लागू नये एवढीच काळजी वाट्याला येते. तरी अशा साध्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी मराठी माणसाला नवी नाही. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि आयुष्यभर घराघरांतून, वाड्यांतून, जुन्या बाजारातून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. दौती, दिवे, अडकित्ते, फण्या, दरवाजे. लहानपणी वारलेल्या मुलाच्या नावाने उभारलेले ते संग्रहालय त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. स्वयंपाकघरातली आणि माजघरातली वस्तू हीसुद्धा इतिहासाची साक्षीदार असते, हे त्यांनी लेख न लिहिता दाखवून दिले. मातीच्या कुत्र्याकडे मी त्याच नजरेने पाहतो.

आता ही कुत्री जिथे घडली तिथे जाऊ. मध्य इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्याच्या उत्तरेला टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे एकमेकांना चिकटून होती. १९१० मध्ये ती एकत्र येऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झाले. तिथे जमिनीखाली दगडी कोळसा होता आणि भांड्यांची भट्टी कोळसा फार खाते, म्हणून कुंभारकाम कोळशाच्या जवळ वसले. १७७७ मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण झाल्यावर दूर कॉर्नवॉलहून पांढरी माती बोटीने येऊ लागली आणि तयार माल न फुटता बंदरापर्यंत जाऊ लागला. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या हे या गावांचे ओळखचिन्ह. एके काळी तिथे अशा सुमारे दोन हजार भट्ट्या होत्या; आज पन्नासाच्याही आत उरल्या आहेत.

कुत्रे घडवण्याची रीत समजली की जुने-नवे ओळखण्याचे निम्मे काम होते, म्हणून ती इथेच सांगतो. मातीची पोळी लाटायची. प्लास्टरच्या साच्याचे दोन भाग, पुढचा आणि मागचा. दोन्हींत पोळी बोटांनी दाबून बसवायची, मग पातळ कालवलेल्या मातीने दोन्ही अर्धुके जोडायची. साचा उघडला की सांधे घासून सपाट करायचे. आत कोंडलेली हवा भट्टीत फुगून मूर्ती फोडू नये म्हणून तळाला किंवा पाठीला एक बारीक छिद्र पाडायचे. पहिल्या भाजणीनंतर शिशाच्या झिलईत बुडवायचे, पुन्हा भाजायचे. मग झिलईवर रंग: कानांना तांबूस किंवा काळा, नाकाला काळा, डोळ्यांभोवती रेघा. गळ्यात सोनेरी साखळी आणि छातीवर कुलूप. हे रंग आणि सोने पक्के करायला शेवटची, कमी आचेची भाजणी. चांगल्या प्रतीच्या कुत्र्याचे पुढचे पाय स्वतंत्र घडवून जोडलेले असतात, पाय आणि छाती यांमधून उजेड दिसतो. स्वस्त मालात पाय अंगाशीच साच्यातून निघालेले असतात. १८४० च्या आसपास पाठ सपाट ठेवायची पद्धत रूढ झाली. कट्ट्यावर ठेवलेल्या मूर्तीची पाठ कोण पाहणार? तिथली माती, रंग आणि मजुरी वाचली आणि माल गरिबाच्या खिशाला परवडू लागला.

परवडण्याची किंमत मात्र कोणीतरी मोजत होते. १८४१ मध्ये सॅम्युअल स्क्रिव्हन या सरकारी निरीक्षकाने या गावांतल्या कारखान्यांची पाहणी केली आणि तिथे राबणाऱ्या मुलांचे जबाब नोंदवले. चार्ल्स शॉ हा टनस्टॉलचा मुलगा सातव्या वर्षी कामाला लागला. साचे उचलून भट्टीघराच्या उष्ण खोलीत पळत न्यायचे आणि पळत परत यायचे, हे त्याचे काम. म्हातारपणी त्याने ते सगळे लिहून काढले आणि १९०३ मध्ये ते पुस्तकरूपाने छापले गेले. झिलईत माल बुडवणाऱ्या कामगारांना शिशाची विषबाधा होई. कुत्र्यांचे रंगकाम बऱ्याच ठिकाणी बायका आणि मुले करीत. म्हणून एखाद्या कुत्र्याची एक भुवई वर गेलेली, एक डोळा तिरळा, चेहऱ्यावर काहीसा गोंधळलेला भाव दिसतो. संग्राहक त्याला ‘गोडवा’ म्हणतात. तो गोडवा घाईत, तुकड्याच्या दराने काम करणाऱ्या लहान हातांतून आला आहे, हे माहीत असलेले बरे.

जात पाहिली तर सर्वांत जास्त कुत्री स्पॅनियलची. राणी व्हिक्टोरियाच्या लहानपणी तिच्याजवळ डॅश नावाचा किंग चार्ल्स स्पॅनियल होता. चित्रकार लँडसीअरने त्याची चित्रे काढली, चित्रांच्या छापील प्रती घरोघर गेल्या आणि राणीचे कुत्रे मातीत उतरले. त्याशिवाय तोंडात ससा धरलेले ग्रेहाउंड, निळ्या बैठकीवरचे ठिपकेदार डाल्मेशियन, अंगावर मातीचा कीस चिकटवून लोकर दाखवलेले पूडल, क्वचित पग. आकार क्रमांकाने ओळखले जात. स्कॉटलंडमध्येही बोनेस आणि पोर्टोबेलो इथे कुत्री घडत. तिथले लोक त्यांना ‘वॉली डग’ म्हणतात. खिडकीत कुत्र्याची तोंडे आत किंवा बाहेर वळवून नवरा घरी आहे की नाही याची खूण प्रियकराला दिली जाई, अशी एक रंगेल गोष्ट सांगतात. ती दुकानदाराला माल खपवायला उपयोगी पडते. पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही.

बहुतेक कुत्र्यांवर कारखान्याचा शिक्का नसतो. काही नावे मात्र संग्राहकाला माहीत हवीत. लाँगटनचा सॅम्पसन स्मिथ हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मोठा उत्पादक. त्याच्या कारखान्यात १९४८ मध्ये जुने साचे सापडले आणि त्यांतून पुन्हा मूर्ती काढल्या गेल्या. बर्स्लेमचा केंट कारखाना जुन्याच साच्यांतून १९६२ पर्यंत माल काढत होता. म्हणजे १८६० चा कुत्रा आणि १९६० चा कुत्रा एकाच साच्याचे भाऊ असू शकतात. याला फसवणूक म्हणता येत नाही, ती कारखान्याची रोजची कामगिरी होती. फसवणूक तेव्हा होते जेव्हा विकणारा धाकट्याला थोरला म्हणतो. त्यानंतर परदेशांत घडलेल्या नकला आल्या आणि बाजार त्यांनी भरून गेला.

मग ओळखायचे कसे? हातात घेऊन. साच्यात दाबलेल्या जुन्या मूर्तीला जडपणा असतो. पातळ माती साच्यात ओतून केलेली नंतरची मूर्ती हलकी लागते, आणि तिच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्राऐवजी बोट जाईल एवढे भोक दिसते. जुने सोने मऊ आणि किंचित मंद असते, हाताळणीने घासलेले असते; १८८० नंतर आलेले पातळ, लकाकते सोने आरशासारखे चमकते आणि सहज पुसते. झिलईतले बारीक तडे जुन्या मूर्तीत कुठे दाट, कुठे विरळ असतात. ते सगळीकडे सारखे आणि सारख्याच तपकिरी रंगाचे दिसले तर संशय घ्यावा, कारण असे तडे मुद्दाम पाडता येतात. ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का असला तर मूर्ती विसाव्या शतकातली. शेवटी तोंड पाहावे. साचा जितका वापरला जातो तितकी नाकाची, पंजांची आणि कानांच्या लोकरीची रेघ बोथट होत जाते. रंगवणाऱ्याचा ब्रश जुन्या मूर्तीवर मिशांचे ठिपके एकेक करून ठेवतो. नव्यात ते उरकलेले असतात.

इथपर्यंतचे सगळे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडेल. म्हैसूरात बसून हे पुस्तक लिहिण्याचे कारण वेगळे आहे. ज्या कुंभारांनी ही कुत्री केली त्यांनीच म्हैसूरच्या इतिहासाशी जोडलेला एक प्रसंगही मातीत घडवला. १७९२ च्या डिसेंबरमध्ये बंगालमध्ये गंगेच्या मुखावरच्या सागर बेटावर शिकारीला गेलेल्या ह्यू मन्रो या तरुण ब्रिटिशाला वाघाने उचलून नेले आणि तो मेला. त्याचे वडील, सेनापती सर हेक्टर मन्रो, बक्सारची लढाई जिंकलेले आणि पुढे हैदर अलीच्या विरोधात लढलेले. श्रीरंगपट्टणात टिपू सुलतानाजवळ एक लाकडी वाघ होता, गोऱ्या शिपायाच्या छातीवर स्वार झालेला. आत बसवलेल्या यंत्रातून वाघाची डरकाळी आणि माणसाचे कण्हणे निघे. मन्रोच्या मृत्यूवरून तो सुचला असावा, असे मानतात. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, वाघ लंडनला गेला आणि १८०८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या वास्तूत लोकांना दाखवला जाऊ लागला. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ती डरकाळी लंडनकरांच्या कानांत घुमत असताना, १८२० ते १८३० च्या सुमारास, स्टॅफर्डशायरमध्ये ‘मन्रोचा मृत्यू’ नावाची मूर्ती निघाली. वाघाच्या जबड्यात शिपायाचे डोके, खाली बैठकीवर ठळक अक्षरांत नाव. बर्स्लेमच्या ओबाडाया शेरॅट या कुंभाराकडे तिचे श्रेय देण्याची रूढी आहे. कालव्यावरच्या बोटींतून ती इंग्लंडभर गेली. ज्यांनी म्हैसूर कधी पाहिले नाही त्यांच्या कट्ट्यावर म्हैसूरचा सूड कुत्र्यांच्या शेजारी बसला. आज श्रीरंगपट्टण म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे; पण तिथल्या वाघाची ही मातीतली सावली पाहायला परदेशातल्या संग्रहालयांत जावे लागते.

हा शेजार तिथेच संपत नाही. १८५७ चा उठाव दडपणारा हॅवलॉक आणि लखनौला पोहोचलेला कॅम्पबेल यांच्याही मूर्ती त्या गावांतून निघाल्या आणि त्याच कट्ट्यांवर बसल्या. कुत्रा निष्पाप दिसतो. तो निष्पाप आहेही. पण तो ज्या कारखान्यात घडला तिथे साम्राज्याच्या बातम्या विकाऊ माल होत्या. भारतीय संग्राहकाने कुत्री घ्यावीत, प्रेमाने घ्यावीत. त्यांच्या शेजाऱ्यांची नावेही माहीत करून घ्यावीत.

ही कुत्री आपल्याकडे कोणत्या वाटांनी आली असतील याचा माग तर्काने काढता येतो. १८३१ ते १८८१ या पन्नास वर्षांत म्हैसूर संस्थानचा कारभार ब्रिटिश कमिशनरांकडे होता. बेंगळुरूला १८०९ पासून छावणी होती. कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांवर इंग्रज आणि स्कॉटिश मळेवाले होते. कोलारच्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० पासून चालवल्या आणि तिथे कॉर्नवॉलहून खाणकामगार आले. ही शेवटची वाट मला सर्वांत शक्यतेची वाटते, कारण अधिकाऱ्याच्या सामानात चांदी आणि काच असे, तर कॉर्नवॉलच्या खाणकामगाराच्या घरी मातीची कुत्री. ज्या कॉर्नवॉलची पांढरी माती स्टॅफर्डशायरला जात होती तिथलीच माणसे कोलारला सोने खणायला आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. साहेब परत निघाला की बंगल्यातले सामान लिलावात जाई. लिलावातून ते कारकुनाच्या, डॉक्टरच्या, शिक्षकाच्या घरी येई. १९४७ नंतर अशा लिलावांना ऊत आला असणार, हे वेगळे सांगायला नको.

आणि घरी आलेल्या विलायती मूर्तीला म्हैसूरात जागा तयारच होती. वडियार राजांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला दसऱ्याचा उत्सव सुरू केला आणि राजवाड्यातल्या बाहुल्यांची प्रथा गावातल्या घरांत उतरली. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर नवा राजवाडा उभा राहिला, तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कल्याण मंडपाचे ओतीव लोखंडी खांब ग्लासगोच्या कारखान्यातून आले आहेत. आत शिरताना लागणारे गोंबे तोट्टी हे दालन पाहावे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बाहुल्या तिथे मांडल्या आहेत, सोबत देशी आणि युरोपी शिल्पे. राजाने विलायती मूर्तीला देशी बाहुल्यांच्या पंगतीत बसवले म्हटल्यावर प्रजेला अडचण कसली?

घरातल्या पायऱ्या विषम संख्येच्या. दर वर्षी निदान एक नवी बाहुली आणायची, ही रीत पुष्कळ घरे पाळतात. संध्याकाळी शेजारपाजारची मुले येतात, बाहुल्या पाहतात, हातावर गोंबे बागिन म्हणून खाऊ घेऊन जातात. नजरबाद भागातल्या रामसन्स कला प्रतिष्ठानने या शतकाच्या पहिल्या दशकापासून नवरात्राआधी ‘बोंबे मने’ हे बाहुल्यांचे प्रदर्शन आणि विक्री भरवायला सुरुवात केली, त्यामुळे देशभरच्या कारागिरांच्या बाहुल्या एका छताखाली पाहायला मिळू लागल्या. मराठी माणसालाही हे परके नाही. तंजावरच्या मराठ्यांच्या काळापासून दक्षिणेत राहिलेली मराठी घरे नवरात्रात बाहुल्या मांडतात. म्हैसूरचे दिवाण झालेले व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे याच तंजावरी मराठी परंपरेतले. इकडे महाराष्ट्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गौरीपुढे आरास करतात तेव्हा लाकडी बाहुल्यांच्या बरोबरीने काचेचे हंस, चिनी मातीचे प्राणी कपाटातून बाहेर येतातच.

देवीपुढच्या पायरीवर कुत्रा चालतो का, असे कोणी विचारेल. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या बरोबर कुत्रा आहे, भैरवाचे तर ते वाहन. आणि या प्रदेशाने कुत्र्याचा मान स्टॅफर्डशायरच्या नऊशे वर्षे आधी दगडात कोरून ठेवला आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी इ. स. ९४९-५० मधला एक वीरगळ सापडला. युद्धातल्या पराक्रमाबद्दल राजाने बक्षीस माग म्हटल्यावर मनलरत नावाच्या वीराने काळी नावाचे कुत्रे मागून घेतले. पुढे काळी एका रानडुकराशी लढली, दोघेही मेले, आणि तिच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला. तो आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. ज्याला स्टॅफर्डशायरचे ससा धरलेले ग्रेहाउंड आवडेल त्याने मुधोळचे कुत्रेही पाहावे. घोरपड्यांच्या त्या मराठी संस्थानात जोपासलेल्या या सडपातळ शिकारी जातीला २००५ मध्ये भारतीय टपाल तिकिटावरही जागा मिळाली. पायऱ्यांवर कुत्र्याची जागा खालच्या भागात, जिथे खेडे, शिकार आणि प्राणी असतात तिथे. समोरासमोर दोन टोकांना बसवली तर स्टॅफर्डशायरची रीतही पाळली जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कपाटात बंद ठेवलेली संग्रहवस्तू हळूहळू फक्त किमतीची होते. मालकाला तिची आठवण विम्याचा हप्ता भरताना होते. गोंब्यांच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, रीतीत तसे घडत नाही. दर वर्षी पेटी उघडते, प्रत्येक बाहुली हातात येते, तिची जागा नव्याने ठरते, तिचा टवका दिसतो, ती कोणी आणली याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगितली जाते, आणि बाहेरचे लोक येऊन ती पाहतात. जगातले मोठे संग्राहक हेच काम नोंदवही, छायाचित्रे आणि प्रदर्शने यांनी करतात. म्हैसूरच्या घरांनी त्यासाठी सण वापरला. म्हणून या पुस्तकात मी वाचकाला आग्रहाने सांगितले आहे: जितकी कुत्री दर वर्षी हातात घेऊन मांडता येतील तितकीच जवळ ठेवा.

याच विचारातून जोडीचा प्रश्नही सुटतो. बाजारात एकटे कुत्रे जोडीच्या निम्म्याहूनही कमी भावाने मिळते, कारण जोडीदार शोधणे अवघड. आकार, रंगाची छटा, साखळीचा नमुना, चेहऱ्याचा हात, सगळे जुळावे लागते. दोन वेगळ्या जोड्यांतले उरलेले जोडीदार एकत्र बसवून विकणाऱ्याला संग्राहक नावे ठेवतात. मला त्यात गैर दिसत नाही, फक्त तसे सांगून विकावे. नवशिक्याने उलट एकट्या कुत्र्यापासूनच सुरुवात करावी. ते स्वस्त असते, हाताळून शिकता येते, आणि मांडणीत त्याला एखाद्या मातीच्या गवळणीची किंवा चन्नपट्टणच्या लाकडी घोड्याची सोबत देता येते. शुद्धतावादी संग्राहकाला हे रुचणार नाही. पण परदेशातून आलेल्या वस्तूने इथल्या घरात इथल्यासारखे राहावे, हे मला पटते.

काळजीविषयी इथे थोडेच, पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्र्याला डोक्याने किंवा मानेने उचलू नये, दोन्ही हातांनी तळाला धरावे. झिलईवरचा काळा रंग आणि सोने सर्वांत आधी सुटते, म्हणून घासू नये. मऊ ब्रशने धूळ झटकावी. जुनी डागडुजी असलेली मूर्ती पाण्यात बुडवू नये. गुंडाळायला वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतर उत्तम. पाय किंवा कान तुटला असेल तर तुकडा जपून ठेवावा आणि घरगुती गोंदाने चिकटवू नये. विकताना आणि परदेशी पाठवताना कायदाही ध्यानात घ्यावा. प्राचीन वस्तू आणि कलासंपदेविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या कला-कारागिरीच्या वस्तूंना लागू होतो आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यावर बंदी घालतो. परदेशातल्या नातेवाइकाला आजीचे कुत्रे भेट पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

पुस्तकाची रचना सोपी आहे. पहिल्या भागात घडवण्याची रीत आणि कारखाने, दुसऱ्यात जातीवार कुत्री, तिसऱ्यात खरे-खोटे ओळखण्याच्या कसोट्या, चौथ्यात म्हैसूरच्या मांडणीत त्यांची जागा, आणि शेवटी काळजी, नोंद आणि कायदा. बाजारभावांचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत. गेल्या काही दशकांत इंग्लंडमध्येच या कुत्र्यांची मागणी उतरली. नव्या घरांत शेकोटी नाही, कट्टा नाही आणि नातवंडांना आजीच्या कट्ट्यावरचे कुत्रे नको असते. छापलेला भाव दोन वर्षांत खोटा ठरतो. हातातल्या वजनाची, छिद्राची आणि सोन्याची कसोटी तशी शिळी होत नाही.

वाचकाकडून एका कामाची अपेक्षा आहे, आणि ते एकही कुत्रे विकत न घेता करता येते. या नवरात्रात किंवा येत्या चैत्रात पेटी उघडाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा. प्रत्येक बाहुलीपुढे ती कोणी आणली, कुठून, कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने, एवढे लिहून काढा. ज्यांना हे तोंडपाठ आहे त्या आजी, आत्या, मावशी यांना आधी बसवून विचारा, कारण ही माहिती कुठल्याही शिक्क्यावर नसते आणि कुठल्याही लिलावात विकत मिळत नाही. एखादे विलायती कुत्रे सापडले तर त्याची नोंद करताना कोलार, कोडगू की बेंगळुरूची छावणी, हा प्रश्न जरूर विचारा. अशा शंभर घरांच्या वह्या जमल्या तर दक्षिणेतल्या घरांत विलायती माती कशी शिरली याचा इतिहास लिहिता येईल. या पुस्तकात तर्काने काढलेल्या वाटा त्या दिवशी तपासल्या जातील, आणि काही नक्कीच बदलाव्या लागतील.

म्हैसूर
विजयादशमी